येरळाकाठचे पक्षी आणि छायाचित्रकाराचा संयम

सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेस महाबळेश्वरच्या माथ्यावर वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेकडील खटाव आणि माण या तालुक्यांना मात्र ५०० मिलिमीटरच्या आसपास पावसावर वर्ष काढावे लागते. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील हा मुलूख महाराष्ट्राला परिचित आहे तो दुष्काळासाठी. परंतु या कोरड्या मुलखाची आणखी एक ओळख आहे. हिवाळा सुरू झाला की येथील मायणी, येरळवाडी आणि सूर्याचीवाडी या जलाशयांच्या काठी दूरदेशीचे पक्षी उतरू लागतात. लांब गुलाबी पायांचे शेकाटे, शेपटी सतत खालीवर हलविणारे तुतवार, चिमणीएवढे टिलवे, गळ्यात काळी पट्टी मिरविणारे चिखले आणि कधी रोहित पक्ष्यांचे थवे या काठांवर नांदतात.

खटाव तालुक्याच्या उत्तर भागातील डोंगरात उगम पावणारी येरळा नदी वडूजवरून दक्षिणेकडे वाहत सांगली जिल्ह्यात शिरते आणि ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. या नदीच्या खोऱ्यातील तलाव आणि पुढे कृष्णेचे पात्र हा पाणकाठच्या पक्ष्यांच्या दृष्टीने एकच सलग प्रदेश आहे. हिवाळ्यातील पाहुण्यांना तलावांचा चिखल आधार देतो, तर उन्हाळ्यात अंडी घालणाऱ्या स्थानिक पक्ष्यांना नदीची वाळू हवी असते.

पक्ष्यांमागोमाग आता कॅमेरा घेतलेली माणसेही येथे येऊ लागली आहेत. पूर्वी छत्तीस चित्रांचा एक फिल्म रोल जपून वापरावा लागे. अंकीय कॅमेऱ्याने ती मर्यादा दूर केली, आणि केवळ मोजक्या हौशी लोकांपुरते असलेले पक्षी-छायाचित्रण विद्यार्थी, शिक्षक, शेतकरी आणि नोकरदार यांच्याही आवाक्यात आले. ही गोष्ट स्वागतार्हच आहे. मात्र या छंदाबरोबर एक जबाबदारीही येते. उघड्या काठावर राहणाऱ्या पक्ष्याला झाडाझुडपाचा आडोसा नसतो. माणूस जवळ आला की त्याच्यापुढे उडून जाणे एवढाच मार्ग उरतो. म्हणूनच या पक्ष्यांचे छायाचित्र कसे घ्यावे, या प्रश्नातच ते केव्हा घेऊ नये, हा प्रश्नही दडलेला आहे.

पाणी ओसरते तेव्हा

जलाशय काठोकाठ भरला म्हणजे पक्षी अधिक येतील, असा सर्वसाधारण समज असतो. बदकांच्या बाबतीत तो काही अंशी खराही आहे. परंतु पाणकाठच्या पक्ष्यांना खोल पाण्याचा उपयोग नाही. त्यांना हवी असते ती पाणी आणि जमीन यांच्यामधील अरुंद पट्टी, म्हणजे बोटभर पाण्याखालचा आणि नुकताच उघडा पडलेला मऊ चिखल. या चिखलात कीटकांच्या अळ्या, लहान गोगलगायी, कृमी आणि पाण्यातील सूक्ष्म जीव विपुल असतात.

पावसाळा संपल्यावर शेतीसाठी पाणी सुटू लागते, बाष्पीभवन होते आणि जलाशयाची पातळी हळूहळू उतरते. पाणी जसे मागे सरकते, तशी नव्या चिखलाची पट्टी रोज उघडी पडते. पक्ष्यांच्या दृष्टीने हे रोज नव्याने वाढलेले ताट होय. याच ओसरत्या पाण्यामागे माणूसही जातो. उघड्या पडलेल्या गाळावर शेतकरी गाळपेर करतात, मेंढपाळ आपली मेंढरे चारतात आणि म्हशी पाण्यात डुंबतात. पक्ष्यांना या वर्दळीची सवय झालेली असते.

मायणीचा तलाव ब्रिटिश अमदानीत सिंचनासाठी बांधला गेला. येरळवाडीचा प्रकल्प त्यानंतरच्या काळातील. दोन्ही माणसाने स्वतःच्या गरजेसाठी उभारले, आणि पक्ष्यांनी त्यांचा लाभ घेतला. उरमोडी, जिहे-कठापूर आणि टेंभू यांसारख्या योजनांमुळे या खोऱ्यातील व आसपासच्या दुष्काळी तालुक्यांत बाहेरचे पाणी पोहोचू लागले. शेतीच्या दृष्टीने हा मोठाच बदल आहे. जलाशयांची पातळी केव्हा चढते आणि केव्हा उतरते, यावर उथळ काठाचे अस्तित्व अवलंबून असल्याने पक्ष्यांच्या अभ्यासकांना यापुढे पाण्याच्या वेळापत्रकाकडेही लक्ष ठेवावे लागेल.

चोच सांगेल जागा

एकाच काठावर इतक्या जातींचे पक्षी एकत्र कसे चरतात, याचे उत्तर त्यांच्या चोचीत आणि पायांत आहे. चिखल्याची चोच आखूड आणि डोळे मोठे. तो चार पावले धावतो, थांबतो, पाहतो आणि पृष्ठभागावरील किडा टिपतो. टिलवा पाण्याच्या कडेने लगबगीने चालत शिवणयंत्राच्या सुईप्रमाणे चोच खालीवर करीत राहतो. पाणलाव्याची चोच लांब आणि टोकाशी संवेदनक्षम असते. ती तो चिखलात खोल खुपसतो आणि न दिसणारे भक्ष्य केवळ स्पर्शाने ओळखतो. शेकाट्या आपल्या उंच पायांच्या बळावर इतरांना न झेपणाऱ्या पाण्यात उतरतो. रोहित पक्षी मान खाली घालून चोच उलटी धरतो आणि पाणी गाळून त्यातील सूक्ष्म जीव खातो.

छायाचित्रकाराला या माहितीचा प्रत्यक्ष उपयोग होतो. कोणता पक्षी कोणत्या खोलीच्या पाण्यात चरतो हे ठाऊक असले, की त्याच्या मागे धावण्याची आवश्यकता राहत नाही. काठाने चरत येणारा टिलव्यांचा थवा ज्या दिशेने सरकत आहे, त्या दिशेला बऱ्याच अंतरावर आधीच जाऊन निश्चल बसावे. थवा चरत चरत आपण होऊन जवळ येतो. पाठलाग करून मिळते ते बहुधा उडून जाणाऱ्या पक्ष्याच्या पाठीचे चित्र. वाट पाहणाऱ्याला मात्र चरणाऱ्या पक्ष्याचा डोळा टिपता येतो.

या लहानग्या पाहुण्यांना उडविण्याची किंमतही जाणून घेतली पाहिजे. टिलव्याचे वजन अवघे २० ते ३० ग्रॅम. त्याची वीण होते ती उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रा प्रदेशात. हिवाळा येथे काढून एप्रिल-मेच्या सुमारास त्याला पुन्हा हजारो किलोमीटरचे अंतर कापावयाचे असते, आणि त्यासाठी लागणारी चरबी या चिखलातूनच साठवावयाची असते. या कुळातील पक्ष्यांची झेप किती मोठी असते, याचे एक उदाहरण बोलके आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये मालगुजा पक्ष्याच्या एका जातीचे अवघ्या काही महिन्यांचे पिल्लू अलास्कातून निघाले आणि ११ दिवसांत कोठेही न थांबता १३,५६० किलोमीटर उडून ऑस्ट्रेलियातील टास्मानिया बेटावर पोहोचले. त्याच्या अंगावर बसविलेल्या यंत्रामुळे ही नोंद मिळाली. अशा प्रवासाची शिदोरी चरण्याच्या प्रत्येक तासातून जमते. एका सकाळी पाच-सहा जणांनी आळीपाळीने थवा उडविला, तर ती शिदोरी तेवढी घटते.

कातडीचा बैल आणि खरी म्हैस

रानातील पक्ष्याचे छायाचित्र काढण्याच्या कलेचा आरंभ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाला. इंग्लंडमधील रिचर्ड आणि चेरी कीर्टन या बंधूंनी १८९२ मध्ये अंड्यांसह एका घरट्याचे छायाचित्र घेतले. १८९५ मध्ये पक्ष्यांच्या घरट्यांविषयीचे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले, आणि त्यातील सर्व चित्रे निसर्गात घेतलेली छायाचित्रे होती. त्या काळचा कॅमेरा जड, काचेच्या पट्ट्यांचा आणि अगदी जवळ जावे लागणारा. पक्षी बुजू नयेत म्हणून या बंधूंनी १९००च्या सुमारास बैलाचे कातडे सांगाड्यावर चढवून एक पोकळ बैल तयार केला. त्याच्या पोटात कॅमेऱ्यासह ताटकळत उभे राहून ते छायाचित्रे घेत.

या युक्तीमागील निरीक्षण अचूक होते. पक्षी गुराला भीत नाही, तो दोन पायांवर उभ्या राहिलेल्या माणसाच्या आकृतीला भितो. मायणीच्या काठावर म्हैस शेजारून गेली तरी शेकाट्या मान वर करीत नाही, परंतु मोकळ्या गाळावर सरळ चालत येणारा माणूस दुरून दिसताच संपूर्ण थवा सावध होतो. म्हणून आजचा जाणता छायाचित्रकार उभा राहत नाही. तो मातकट रंगाचे कपडे घालतो, पहाट होण्यापूर्वी जागेवर येतो, बाभळीच्या फांद्यांचा अथवा मळकट कापडाचा आडोसा उभारतो आणि पक्षी येण्याच्या आधीच त्यात शिरतो. आडोसा नसल्यास जमिनीवर पालथे पडून तो कॅमेरा पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीवर आणतो. त्यामुळे पक्षी निर्धास्त राहतो आणि चित्रही सजीव होते, कारण वरून घेतलेल्या चित्रात पक्ष्यापेक्षा चिखलच अधिक दिसतो.

कृष्णेच्या काठी मात्र एक खबरदारी आवश्यक आहे. सांगली जिल्ह्यात भिलवडी, औदुंबर, डिग्रज या परिसरात नदीत मगरींचे वास्तव्य आहे. पाण्यालगत पालथे पडणे किंवा उथळ पाण्यात उतरणे तेथे धोक्याचे ठरते. अशा ठिकाणी उंच काठावरून, स्थानिक लोकांचा सल्ला घेऊनच काम करावे.

ऊन, पांढरा रंग आणि मृगजळ

छायाचित्रणाच्या दृष्टीने सूर्योदयानंतरचे पहिले दोन तास आणि सूर्यास्तापूर्वीचा एक तास सर्वांत अनुकूल. सूर्य पाठीशी असावा. चारशे ते सहाशे मिलिमीटरचे टेलिफोटो भिंग या कामी सोयीचे पडते, कारण त्यामुळे अंतर राखता येते. चरणाऱ्या टिलव्याच्या जलद हालचाली गोठविण्यासाठी सेकंदाच्या एक हजारांश भागाइतका किंवा त्याहूनही कमी अवधी लागतो. शेकाट्याचा पांढरा रंग उन्हात भडक होऊन पिसांचा तपशील नाहीसा होतो. म्हणून कॅमेऱ्यात शिरणारा प्रकाश किंचित कमी ठेवावा लागतो.

सकाळचे नऊ-दहा वाजले की तापलेल्या गाळावरील हवा थरथरू लागते. दुरून पाहणाऱ्याला मृगजळ भासते ते यामुळेच. या थरथरत्या हवेतून घेतलेले चित्र कितीही महागडे भिंग वापरले तरी पुसट येते. नवशिक्या छायाचित्रकार अशा वेळी जवळ सरकण्याचा मोह धरतो. अनुभवी माणूस कॅमेरा बंद करतो, दुर्बीण आणि वही काढतो आणि निरीक्षणे टिपून ठेवतो. पक्ष्यांना त्या वेळी विसावा हवा असतो. तो त्यांना लाभतो आणि छायाचित्रकाराच्या ज्ञानातही भर पडते.

वाळूतील अंडी

हिवाळ्यातील चुकीने पक्ष्याचा घास जातो. उन्हाळ्यातील चुकीने पिढी जाऊ शकते. मार्च ते जून हा टिटवी, नदी सुरय, आर्ली आणि चिखल्या यांच्या विणीचा मुख्य काळ. हे पक्षी झाडावर घरटे बांधीत नाहीत. नदीतील वाळूच्या बेटावर, दगडगोट्यांत किंवा माळावर उथळ खळगा करून ते त्यात अंडी घालतात. अंड्यांचा रंग आणि त्यांवरील ठिपके भोवतालच्या वाळूशी व खड्यांशी इतके एकरूप होतात की पायाखाली येईपर्यंत ती दिसत नाहीत. हीच त्यांची एकमेव तटबंदी होय.

मे महिन्याच्या दुपारी उघड्या वाळूचे तापमान ५० अंश सेल्सिअसच्या पलीकडे जाऊ शकते. अंड्यातील जीवाला ३७-३८ अंश मानवतात. त्याहून फार अधिक उष्णता तो दीर्घकाळ सोसू शकत नाही. म्हणूनच या पक्ष्यांना भर उन्हात अंड्यांवर बसावे लागते, ते ऊब देण्यासाठी नव्हे, तर सावली देण्यासाठी. टिटवी, सुरय यांसारखे पक्षी पाण्यात पोट भिजवून येतात आणि त्या ओल्या पिसांनी अंडी थंड राखतात. घरट्यालगत कॅमेरा लावून एखादा माणूस बसला, तर मादी व नर दोघेही डोक्यावर घिरट्या घालीत राहतात आणि खाली अंडी उन्हात उघडी पडतात. छायाचित्रकाराच्या लेखी तो काळ थोडासा असतो. अंड्यांसाठी तो अखेरचा ठरू शकतो. माणसाच्या हालचालीवर नजर ठेवून असलेले कावळे आणि घारी याच संधीची वाट पाहतात, आणि माणसाच्या वासाचा माग काढीत कुत्रीही घरट्यापर्यंत पोहोचतात.

आणखी एक दृश्य छायाचित्रकाराला हमखास फसविते. चिखल्याच्या घरट्याजवळ कोणी गेले की तो जमिनीवर लोळण घेतो, एक पंख मोडल्यासारखा पसरतो आणि फरफटत दूर जाऊ लागतो. हे दृश्य अतिशय नाट्यमय असते आणि त्याचे छायाचित्र पाहणाऱ्यांची दादही मिळविते. वस्तुतः पक्षी जखमी झालेला नसतो. शत्रूला स्वतःच्या मागे लावून अंड्यांपासून दूर नेण्याची ती धडपड असते. असे दृश्य समोर आले, की आपण घरट्याच्या फार जवळ आलो आहोत, एवढाच अर्थ घ्यावा आणि आल्या पावली मागे फिरावे. पाय टाकताना जमीन न्याहाळावी, कारण अंड्यातून बाहेर पडताच चालू लागणारी पिल्ले धोका दिसताच वाळूला चिकटून निपचित पडतात.

नदीवरील संकटे आधीच थोडी नाहीत. वाळूचा उपसा झाला की बेटे नाहीशी होतात. बंधाऱ्यात पाणी अडले किंवा वरच्या धरणातून अकस्मात सुटले, तर उरलेल्या बेटांवरील घरटी बुडतात. नदी सुरय हा एके काळी भारतातील नद्यांवर सर्रास आढळणारा पक्षी आज जागतिक पातळीवर संकटाच्या छायेत असलेल्या जातींच्या यादीत गेला आहे. अशा वेळी त्याच्यावर प्रेम करणाऱ्यांनीच त्याच्या अडचणीत भर घालणे हे दुर्दैवाचे ठरेल. ‘टिटवीदेखील समुद्र आटविते’ ही म्हण मराठी माणसाच्या तोंडी आहे. तिच्यामागील कथेत समुद्राने टिटवीची काठावरील अंडी हिरावून नेली होती. कथेतील टिटवीला अखेर अंडी परत मिळाली. प्रत्यक्षात तसे घडत नाही.

कायदा काय सांगतो

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या व्यापक आहे. बंदूक चालविणे एवढाच तिचा अर्थ नाही. वन्य पक्ष्यांच्या अंड्यांची नासधूस करणे आणि अंडी अथवा घरटी विचलित करणे यांचाही तीत समावेश होतो. चित्र चांगले यावे म्हणून घरट्याभोवतीचे गवत उपटणे, दगड हलविणे किंवा अंडी सरकविणे हे म्हणूनच केवळ अनुचित नव्हे, तर बेकायदेशीर आहे. अभयारण्यात छायाचित्रणासाठी परवानगी घ्यावी लागते, आणि २०२२ च्या सुधारणेने त्यात अधिवासात बदल न करता व वन्यजीवांवर विपरीत परिणाम होऊ न देता छायाचित्रण करावे, असे स्पष्ट केले.

मायणीचा परिसर लोकांच्या तोंडी पूर्वीपासूनच ‘पक्षी अभयारण्य’ म्हणून प्रसिद्ध आहे. २०२१ मध्ये राज्य शासनाने मायणी व परिसरातील जलाशयांना पक्षी संवर्धन राखीव म्हणून घोषित केले. संवर्धन राखीव ही तरतूद २००२ च्या सुधारणेने अधिनियमात आली. तिच्यात स्थानिक लोकांशी विचारविनिमय आणि ग्रामपंचायतींचा व्यवस्थापनातील सहभाग अपेक्षित आहे. याचा अर्थ असा, की काठावर गाळपेर करणारा शेतकरी आणि मेंढपाळ हे या व्यवस्थेचे भागीदार आहेत. बाहेरून येणाऱ्या छायाचित्रकाराने त्यांच्या शेतातून जाताना परवानगी विचारावी, पिकात वाहन घालू नये आणि त्यांच्याकडून पक्ष्यांची माहितीही जाणून घ्यावी. वर्षानुवर्षे त्या काठावर वावरणाऱ्या माणसाइतके पक्ष्यांचे येणेजाणे दुसऱ्या कोणास ठाऊक असणार?

चित्र जेव्हा नोंद बनते

जबाबदारीने घेतलेले छायाचित्र हा विज्ञानाचा मोलाचा पुरावा असतो. टिलवे आणि तुतवार यांच्या जाती ओळखणे अनुभवी निरीक्षकालाही कठीण जाते. स्पष्ट चित्र असल्यास चोचीची लांबी, पायांचा रंग, पंखांवरील पट्टी पडताळून पाहता येते. १८८३ मध्ये स्थापन झालेली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी ही संस्था स्थलांतरित पक्ष्यांच्या पायात वळी आणि रंगीत पट्ट्या बसवून त्यांच्या प्रवासाचा अभ्यास करीत आली आहे. छायाचित्रात अशा पट्टीवरील अक्षरे वाचता आली, तर पक्ष्याला न पकडता त्याच्या प्रवासातील एक टप्पा कळतो. १९८७ पासून दर वर्षी जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. तीत भाग घेणाऱ्यांनाही मोठ्या थव्याच्या चित्रावरून संख्या मोजता येते.

मात्र नोंदीसाठी चित्रासोबत तारीख, वेळ, जलाशयाचे नाव आणि पाण्याची पातळी लिहिलेली असावी. एकाच काठावरून दर वर्षी, त्याच आठवड्यात घेतलेली चित्रे पक्षी कमी झाले की वाढले हे सांगू शकतात. घरट्यांच्या जागा मात्र जाहीर करू नयेत. एकाने केलेली घोषणा पुढील रविवारी पन्नास कॅमेऱ्यांना तेथे आणते.

महाराष्ट्रात २०२० पासून दर वर्षी ५ ते १२ नोव्हेंबर या काळात पक्षी सप्ताह साजरा होतो. अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिनी त्याचा आरंभ आणि डॉ. सालिम अली यांच्या जन्मदिनी त्याची सांगता होते. याच सुमारास येरळेच्या खोऱ्यातील तलावांचे काठ उघडे पडू लागतात आणि पाहुण्यांचे थवे स्थिरावतात. खटाव, माण, खानापूर, तासगाव परिसरातील शाळांनी आपापल्या गावच्या तलावाची एक नोंदवही या सप्ताहात सुरू केली, तर थोड्या वर्षांत या खोऱ्याचा एक अमोल दस्तऐवज तयार होईल.

छायाचित्रकाराची कसोटी घेण्यास एक साधी खूण पुरेशी आहे. चित्र घेऊन तो काठावरून उठून गेल्यानंतर पक्षी जेथे चरत होता तेथेच चरत असला, घरट्यावर बसलेली टिटवी घरट्यावरच बसलेली असली, तर त्याचे काम उत्तम झाले असे समजावे. दुसऱ्या दिवशी तेथे येणाऱ्या पाहणाऱ्यासाठी, आणि पुढच्या हिवाळ्यासाठी, तो काठ तसाच नांदता राहिलेला असतो.